रोजा नजरेचाही असतो

मगरिबच्या अजानला चार मिनिटे उरलेली असतात. तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही मोहल्ल्यात दिसावे असे हे दृश्य. दस्तरखान अंथरलेला आहे. ताटात खजूर, कलिंगडाच्या फोडी, गरम भजी आणि शेजारी गुलाबी सरबताचे पेले. अम्मी ओल्या हातांनीच शेवटची वाटी आणून ठेवते आणि दुआसाठी हात उचलते. दादी भिंतीला टेकून तस्बीहचे मणी ओढते आहे. कॉलेजात जाणारा मुलगा मान खाली घालून बसला आहे. लांबून पाहणाऱ्याला वाटावे की तोही दुआच मागतो आहे, पण त्याच्या मांडीवर मोबाईल आहे. मुलीने ताटाचा फोटो स्टेटसला टाकला असून तो किती जणांनी पाहिला हे ती मोजते आहे. अब्बा बातम्यांचा व्हिडिओ पाहत आहेत. अजान होते, हात खजुराकडे जातात, पण नजरा वर येत नाहीत. दादीने 'बिस्मिल्लाह' म्हटलेले कुणाच्या कानावर पडत नाही.

तेरा-चौदा तास पाण्याचा घोट न घेतलेली ही माणसे आहेत. त्यांनी भूक आवरली, तहान आवरली. चैत्र-वैशाखाच्या उन्हात कामावर जाऊनही कुणी तक्रार केली नाही. पण हातातला पडदा मात्र त्यांना आवरता आला नाही. शेजारच्या हिंदू किंवा जैन घरात दिवेलागणीच्या वेळी डोकावले, तरी चित्र फारसे वेगळे दिसत नाही. दोन्ही घरांच्या प्रार्थना वेगळ्या असल्या तरी पडदा एकच आहे. म्हणून हा विषय केवळ मुसलमानांचा राहत नाही.

टीव्हीवरची चादर

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे ऐंशीच्या दशकात लहान गावांतही टीव्ही संच पोहोचले आणि मुस्लिम घरांत एक प्रश्न वारंवार विचारला जाऊ लागला, टीव्ही हराम की हलाल? काही उलेमांनी तो सरळ नाकारला. काहींचे म्हणणे असे होते की यंत्र हे सुरीसारखे असते. सुरीने भाजी चिरता येते आणि गळाही कापता येतो, तेव्हा हुकूम सुरीवर नाही, वापरावर लागू होतो. वाद चालूच राहिला आणि टीव्हीही घरोघरी येत राहिला.

त्या काळात अनेक घरांनी आपल्यापुरता एक तोडगा काढला होता. रमजानचा चांद दिसला की टीव्हीवर चादर पडायची. कुणी वायर काढून ठेवायचे, तर कुणी महिन्याभरासाठी केबल बंद करायचे. ईदच्या दिवशी शिरखुर्मा झाला की चादर निघायची. मुलांना ईदचा आनंद दुप्पट वाटायचा. त्या चादरीखालचा टीव्ही गावाने एकत्र पाहिलेला होता हेही विसरता येत नाही. १९८८ साली सुरू झालेल्या 'महाभारत' मालिकेचे संवाद डॉ. राही मासूम रझा यांनी लिहिले होते. रविवारी सकाळी ज्याच्याकडे संच असेल त्याच्या दारात चपलांचा ढीग लागे आणि त्या चपलांना जात-धर्म नसे.

त्या चादरीचा एक मोठा फायदा होता. पडदा कुठे आहे आणि तो झाकला आहे की उघडा, हे सगळ्या घराला दिसत असे. आजचा पडदा उशीखाली असतो, खिशात असतो, मुलांच्या दप्तरातही असतो. टीव्हीसारखी चादर त्याच्यावर टाकता येत नाही. म्हणून 'हराम की हलाल' एवढाच प्रश्न विचारून आता भागत नाही. हा पडदा आपल्या नजरेचे, जिभेचे, वेळेचे आणि घरातल्या माणसांच्या हक्कांचे काय करतो, हे पाहावे लागते. इस्लामी शिकवणीत या चारही गोष्टींबद्दल स्पष्ट मार्गदर्शन आहे.

रोजा कशासाठी?

पवित्र कुरआनच्या सूरह बकरामध्ये (आयत १८३) रोज्याचा हेतू सांगितला आहे तो 'तकवा'. तकवा म्हणजे अल्लाह पाहतो आहे ही जाणीव ठेवून स्वतःला आवरणे. सहरी ते इफ्तार उपाशी राहणे हे त्याचे साधन आहे. बुखारी शरीफमधील एका हदीसचा आशय असा आहे की, जो खोटे बोलणे आणि खोटे वागणे सोडत नाही, त्याने अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला काही गरज नाही.

इ.स. ११११ मध्ये निधन पावलेले थोर विचारवंत इमाम गझाली यांनी 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात रोज्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली सर्वसामान्यांची, म्हणजे पोटाचा आणि वासनेचा रोजा. दुसरी नेक माणसांची. तिच्यात डोळे, कान, जीभ, हात, पाय या सगळ्यांचा रोजा असतो. तिसरी त्याहून वरची, हृदयाचा रोजा. बहुतेक जण पहिल्या पायरीवरच महिना काढतात. पोट उपाशी असते, पण डोळे आणि कान दिवसभर खात असतात. दुपारची झोप येत नाही म्हणून कुणी तीन तास चित्रपट पाहतो आणि 'रोजा कट गया' असे समाधानाने म्हणतो. रोजा 'काटायचा' नसून 'ठेवायचा' असतो, हे भाषेत असूनही आचरणातून निसटते.

सूरह बनी इस्राईल (आयत ३६) सांगते की कान, डोळे आणि अंतःकरण या प्रत्येकाबद्दल माणसाला जाब द्यावा लागेल. मोबाईलच्या कंपन्या माणूस कोणत्या चित्रावर किती सेकंद थांबला याचा हिशोब ठेवतात, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. नजरेचा हिशोब असतो ही गोष्ट समजायला आजच्या माणसाला तर सर्वांत सोपी जावी.

करमणुकीला दार बंद नाही

इस्लाम म्हणजे रुक्ष चेहरा, हसण्या-खेळण्याला मनाई, असा एक समज आहे. तो मुस्लिमेतरांमध्ये आहे आणि काही मुसलमानांमध्येही आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांचे घरगुती जीवन पाहिले तर तो टिकत नाही. ईदच्या दिवशी मदिनेच्या मशिदीत हबशी लोक भाल्यांचे खेळ करत होते. पैगंबर (स.) यांनी पत्नी हजरत आयशा (रजि.) यांना आपल्या चादरीआडून तो खेळ दाखवला आणि त्या स्वतः कंटाळेपर्यंत ते उभे राहिले. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. दोघांनी धावण्याची शर्यत लावल्याचा प्रसंगही अबू दाऊदमध्ये आढळतो. पहिल्या वेळी हजरत आयशा जिंकल्या, काही वर्षांनी पैगंबर (स.) जिंकले आणि ही त्या हरण्याची फेड, असे ते हसत म्हणाले. अबू उमैर नावाच्या लहान मुलाचा पाळलेला पक्षी मेला, तेव्हा त्या मुलाची विचारपूस करायला त्यांना वेळ होता.

या प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. खेळ पाहिला तर पत्नीबरोबर पाहिला, शर्यत लावली तर तिच्याशीच लावली, लहान मुलाशी बोलताना पूर्ण लक्ष त्याच्याकडे होते. करमणुकीने माणसे जवळ येत होती. आज एकाच खोलीत पाच माणसे पाच वेगवेगळ्या गोष्टींवर हसतात आणि एकाचे हसू दुसऱ्याला कळत नाही. करमणूक चांगली की वाईट हे ठरवताना तिने घरातली माणसे जवळ आणली की दूर केली, हा पहिला निकष मानायला हरकत नाही.

पडद्यावरची प्रत्येक गोष्ट टाकाऊ आहे असेही नाही. इराणचे दिग्दर्शक माजिद मजिदी यांचा १९९७ चा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' हा चित्रपट बहीण-भाऊ आणि बुटांच्या एका जोडीची गोष्ट सांगतो. बहिणीचे बूट भावाच्या हातून हरवतात. बापाकडे पैसे नाहीत हे दोघांना माहीत असते, म्हणून ते आई-बापाला न सांगता भावाचेच बूट आळीपाळीने घालून शाळेत जातात. हा चित्रपट घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहिला, तर पाहून झाल्यावर बोलण्यासारखे बरेच काही उरते.

नजर: आधी पुरुषांची

नजर खाली ठेवण्याचा विषय निघाला की चर्चा लगेच स्त्रियांच्या पोशाखाकडे वळते. कुरआनचा क्रम वेगळा आहे. सूरह नूरच्या तिसाव्या आयतीत नजर आवरण्याचा आदेश आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना तो एकतिसाव्या आयतीत आहे. घरातल्या मुलीच्या मोबाईलवर करडी नजर ठेवणारा आणि स्वतःचा मोबाईल पालथा ठेवणारा बाप या क्रमाचा विचार करत नाही.

पैगंबर (स.) यांनी हजरत अली (रजि.) यांना केलेला एक उपदेश तिर्मिजी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत आहे. त्याचा आशय असा की, एका नजरेमागे दुसरी नजर टाकू नकोस. पहिली अचानक पडते, ती माफ आहे, दुसरी नाही. आजच्या रील्सना हा नियम किती चपखल बसतो पाहा. नको ते चित्र पडद्यावर न बोलावता येऊ शकते. ती पहिली नजर. त्यावर अंगठा थांबला की पुढे तसलीच चित्रे येत राहतात, कारण यंत्राला आपली आवड कळलेली असते. पहिली नजर यंत्राची होती, दुसरी मात्र आपली असते. दुसऱ्या नजरेची सवय लागलेल्या माणसाला स्वतःचा जोडीदार, स्वतःचे घर आणि स्वतःची मिळकत हळूहळू कमी वाटू लागते. अनेक संसारांतल्या कुरबुरीचे मूळ या न बोललेल्या तुलनेत असते.

तीन वेळा आणि बिनपरवानगीचा पाहुणा

त्याच सूरह नूरमध्ये घराच्या दारांचे नियम आहेत. दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय जाऊ नये, असे सत्ताविसावी आयत सांगते. अठ्ठावन्नावी आयत त्याहून आतली गोष्ट सांगते. फजरच्या नमाजपूर्वी, दुपारी कपडे सैल करून आराम करताना आणि इशाच्या नमाजनंतर अशा तीन वेळी घरातल्या मुलांनी आणि नोकरांनीही विचारल्याशिवाय आत येऊ नये. हा माणसाच्या खासगी क्षणांचा मान आहे.

आज पहाटे डोळे उघडताच, दुपारी पाठ टेकताच आणि रात्री दिवा मालवताच मोबाईल हातात येतो. ज्या तीन वेळी पोटच्या मुलालाही विचारून आत यायला सांगितले, त्याच तीन वेळी साऱ्या जगाला आत घेतले जाते. उलट बाजूही आहे. नवरा-बायकोचे रुसवे-फुगवे, आजारी आईचा चेहरा, रडणारे मूल, सगळे चित्रित होऊन बाहेर जाते. दुसऱ्यांचे घर चव्हाट्यावर पाहण्यात आपली करमणूक आणि आपले घर चव्हाट्यावर मांडण्यात आपला सन्मान, अशी उलटी रीत रुजते आहे.

लहान मुलांचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. इफ्तारची तयारी चालू असताना रडणाऱ्या बाळाच्या हातात मोबाईल देणाऱ्या आईला दोष देणे सोपे आहे. पण ती चार वाजल्यापासून चुलीपुढे उभी आहे आणि घरातले पुरुष असरची नमाज पढून पहुडले आहेत, हेही पाहायला हवे. पैगंबर (स.) घरी काय करत, असे विचारल्यावर हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले की ते घरच्या कामात मदत करत आणि नमाजची वेळ झाली की निघत. मुलाच्या हातातला मोबाईल सुटावा असे वाटत असेल, तर आधी कुणीतरी मुलाला कडेवर घ्यायला हवे.

मालिकांतले घर

रोज संध्याकाळच्या मालिका कुटुंबासाठी म्हणून दाखवल्या जातात. त्यांत साड्या आहेत, पूजा आहे, नमाजही आहे, अंगप्रदर्शन फारसे नाही. म्हणून त्या निरुपद्रवी मानल्या जातात. त्यांचे कथानक कशावर चालते ते पाहू. सून दाराआडून सासूचे बोलणे ऐकते. जाऊ कपाटात चिठ्ठी शोधते. अर्धे ऐकलेले वाक्य खरे मानून नवरा बायकोवर संशय घेतो. एकमेकांच्या पाठीमागे दोन माणसे तिसऱ्याविषयी बोलतात आणि यावर शेकडो भाग निघतात.

कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये बाराव्या आयतीत तीन गोष्टींना एकामागोमाग मनाई आहे. संशय घेऊ नका, पाळत ठेवू नका, पाठीमागे निंदा करू नका. पाठीमागची निंदा म्हणजे मेलेल्या भावाचे मांस खाण्यासारखे आहे, अशी तिथे उपमा आहे. ही एक आयत एखाद्या मालिकेतल्या माणसांनी पाळायची ठरवली, तर ती मालिका आठवड्याभरात संपेल. सासू सुनेला सरळ विचारेल, सून सरळ उत्तर देईल आणि दोघी भाजी निवडायला बसतील.

प्रश्न इतकाच आहे की वर्षानुवर्षे रोज अर्धा तास संशय आणि पाळत पाहिल्यावर ती घरातली नेहमीची रीत वाटू लागते. लग्न होऊन आलेल्या मुलीकडे घर आधीच संशयाने पाहते आणि तीही तशाच तयारीने येते. पडद्यावरचा नंगेपणा निदान डोळ्यांना खटकतो. हा मनाचा नंगेपणा खटकत नाही आणि म्हणूनच जास्त आत उतरतो.

इथेही एक बाजू समजून घ्यायला हवी. दिवसभर सगळ्यांचे करून झाल्यावर त्या अर्ध्या तासात घरातली बाई स्वतःची असते. तिच्याशी बोलणारे घरात दुसरे कुणी नसेल, तर पडद्यावरच्या माणसांतच ती आपली माणसे शोधणार. मालिका बंद करा, असे फर्मान काढणाऱ्यांनी त्या अर्ध्या तासात तिच्याशी कोण बोलणार, याचेही उत्तर द्यावे.

जीभ आता अंगठ्यात

पूर्वी पडदा फक्त दाखवत असे. आता प्रत्येक पाहणारा दाखवणाराही झाला आहे. आलेला व्हिडिओ एका अंगठ्याने शंभर जणांना जातो. या बाबतीत इस्लामी इतिहासातला एक प्रसंग प्रत्येक घराने वाचावा असा आहे.

एका मोहिमेवरून परतताना हजरत आयशा (रजि.) यांचा हार हरवला. तो शोधताना त्या मागे राहिल्या आणि काफिला पुढे गेला. मागून येणाऱ्या एका सहाबीने त्यांना उंटावर बसवून सुखरूप आणले. एवढ्यावरून काही दुष्टांनी मदिनेत कुजबुज सुरू केली. ती एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जात राहिली. एक निष्पाप तरुण स्त्री आई-बापाच्या घरी रडत होती. मग सूरह नूरच्या आयती अवतरल्या. त्यांनी हजरत आयशा यांना निर्दोष ठरवलेच, पण ऐकणाऱ्यांनाही जाब विचारला. हे ऐकताच तुम्ही आपल्या माणसांविषयी चांगला विचार का केला नाही? ज्याचे ज्ञान नाही ते जिभेवर घेतलेत आणि त्याला क्षुल्लक समजलात, पण अल्लाहपाशी ती मोठी गोष्ट होती, असा त्या आयतींचा आशय आहे.

त्या दिवसांत मदिनेतल्या एका घरात काय घडले तेही सीरतच्या ग्रंथांत नोंदलेले आहे. अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांना पत्नीने विचारले, लोक काय बोलत आहेत ऐकलेत का? त्यांनी उलट विचारले, तू असे करशील का? ती म्हणाली, कधीच नाही. मग आयशा तर तुझ्याहून श्रेष्ठ आहेत, असे ते म्हणाले. अफवा त्या घराच्या उंबऱ्यावर थांबली. एका नवरा-बायकोच्या दोन वाक्यांनी ती थांबली.

आज एखाद्या मुलीचा अर्धवट व्हिडिओ, शेजारच्या समाजाविषयी भडक मजकूर, जुन्या दंगलीचे आजचे म्हणून दाखवलेले चित्र घरात येते, तेव्हा अबू अय्यूब यांच्या घरासारखे विचारणारे कुणी असते का? ऐकलेले सगळे पुढे सांगत सुटणे एवढेही माणसाला खोटारडा ठरवायला पुरेसे आहे, अशा आशयाची हदीस मुस्लिम शरीफमध्ये आहे. रोजेदाराच्या ओठांना दिवसभर पाणी लागत नाही, पण त्याच्या अंगठ्याने एखाद्याची अब्रू जात असेल, तर त्या तहानेतून काय मिळवले?

ढोलाचा आवाज आणि रमजानचा हंगाम

लक्ष विचलित होणे ही आजची गोष्ट नाही. सूरह जुमुआच्या शेवटी एका शुक्रवारचा उल्लेख आहे. पैगंबर (स.) खुतबा देत होते. इतक्यात व्यापाराचा काफिला आला आणि लोक व्यापार आणि तमाशाकडे धावले. पैगंबर (स.) उभेच राहिले. बुखारीतील नोंदीनुसार मागे फक्त बारा माणसे उरली. खुद्द पैगंबरांसमोर बसलेली माणसे उठून गेली, तर खिशात थरथरणाऱ्या यंत्रापुढे आपला निभाव सहज लागेल असे कुणी समजू नये.

रमजानही यातून सुटलेला नाही. इजिप्त, सीरिया आणि आखाती देशांत टीव्ही मालिकांचा वर्षातला सर्वांत मोठा हंगाम रमजान हाच असतो. इफ्तारनंतर लोक घरी असतात, म्हणून नव्या मालिका आणि महागड्या जाहिराती याच महिन्यासाठी राखून ठेवतात. तुर्कस्तानची 'एर्तुग्रुल' ही ऐतिहासिक मालिका २०२० च्या रमजानमध्ये पाकिस्तानच्या सरकारी वाहिनीवर उर्दूत सुरू झाली आणि मोबाईलवरून भारतातल्या मोहल्ल्यांतही पोहोचली. तिच्यात नमाज होती, तलवार होती, नायक नेक होता. अनेकांनी ती सहरीपर्यंत जागून पाहिली आणि त्यापायी तरावीह आणि तहज्जुद सोडली. विषय धार्मिक असला म्हणजे पाहण्यात गेलेला वेळ इबादत होत नाही.

हीच गोष्ट रात्रभर मोबाईलवर धार्मिक प्रवचने ऐकणाऱ्यांनाही लागू आहे. अबू दरदा (रजि.) यांना इबादतीचा इतका ध्यास लागला की पत्नीकडे लक्ष राहिले नाही. घरी पाहुणे म्हणून आलेले सलमान फारसी (रजि.) यांनी हे पाहिले आणि त्यांना समजावले की तुझ्या पालनकर्त्याचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या शरीराचा आहे आणि तुझ्या घरच्यांचाही आहे, ज्याचा त्याला दे. पैगंबर (स.) यांनी सलमान यांचे म्हणणे बरोबर ठरवले. जिथे नफल नमाजलाही घरच्यांचा हक्क मारण्याची परवानगी नाही, तिथे पडद्याला ती कशी असेल?

मेंढपाळाची जबाबदारी

तुमच्यातला प्रत्येक जण मेंढपाळ आहे आणि प्रत्येकाला आपल्या कळपाबद्दल विचारले जाईल, ही हदीस सर्वपरिचित आहे. मेंढपाळ काठी घेऊन मागे लागतो असे शहरी माणसाला वाटते. ज्याने मेंढरे राखली आहेत त्याला ठाऊक असते की तो कळपाबरोबर चालतो, त्याच उन्हात उभा राहतो. मुलांना 'मोबाईल ठेव' असे आपला मोबाईल न ठेवता सांगणारा बाप फक्त काठी वापरतो.

मग मुलांचा मोबाईल तपासावा का? पाळत ठेवायला मनाई आहे आणि जबाबदारीही आहे, असा हा पेच आहे. लहान मुलाच्या हाती यंत्र देताना ते उघड्यावर, बैठकीतच वापरायचे, हा नियम आधीच सांगता येतो. वयात आलेल्या मुलाचा मोबाईल तो झोपल्यावर चोरून उघडणे हा मार्ग विश्वास मोडतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांबरोबर वाढणाऱ्या मुलाला स्वतःची अशी जागा कुठेच नसते. ती त्याला त्या पडद्यात सापडते, हेही ध्यानात घ्यावे. कुरआनमध्ये हजरत लुकमान आपल्या मुलाला उपदेश करतात, तेव्हा तीन वेळा 'माझ्या लेकरा' अशा प्रेमळ हाकेने सुरुवात करतात. मोहरीच्या दाण्याएवढे कर्म खडकात लपले असले तरी अल्लाह ते समोर आणील, असे ते सांगतात. बापाची नजर पोहोचत नाही तिथे मुलाने स्वतःला कसे आवरावे, हे त्या उपदेशात आहे आणि ते बोलून दाखवावे लागते. त्यासाठी बोलणे चालू असलेले घर लागते.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली असेच एक पाऊल उचलले. रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करावा, घरातल्यांनी एकमेकांशी बोलावे, हा हेतू. करोना काळातल्या ऑनलाइन शाळेने मुलांच्या हातात मोबाईल रुजवला होता, ती सवय मोडायची होती. हे गाव कडेगाव तालुक्यातले. याच कडेगावचे मोहरमचे गगनचुंबी ताबूत हिंदू आणि मुसलमान मिळून उभे करतात. मंदिरावरचा तो भोंगा आणि मशिदीतली मगरिबची अजान यांच्या वेळा उन्हाळ्यात जवळपास जुळतात. दोघांचेही घराला म्हणणे असे आहे की थोडा वेळ हातातले ठेवा आणि एकत्र बसा.

रमजान हा असा एक महिन्याचा भोंगाच आहे. इफ्तारच्या दहा मिनिटे आधी घरातले सगळे मोबाईल एका टोपलीत ठेवायचे, आणि पहिला मोबाईल घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाचा. तरावीहपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. सहरीला पडदा उघडायचा नाही. आलेले काहीही ईदपर्यंत पुढे पाठवायचे नाही. शेवटच्या दहा दिवसांत काही जण मशिदीत एतिकाफला बसतात, जगापासून बाजूला होऊन अल्लाहशी जोडून घेतात. त्यांनी तरी यंत्र घरी ठेवून जावे. सूरह अस्र काळाची शपथ घेऊन सांगते की माणूस तोट्यात आहे. त्यातून सुटणारे ते, जे श्रद्धा ठेवतात, चांगली कामे करतात आणि एकमेकांना सत्याचा व सबुरीचा उपदेश करत राहतात. 'एकमेकांना' हा शब्द महत्त्वाचा आहे. हे काम एकट्याने पडद्याकडे पाहत होत नाही.

२०२० च्या रमजानमध्ये टाळेबंदीमुळे मशिदी बंद होत्या आणि तरावीह घरोघरी झाली. अब्बांच्या मागे मुलगा, त्याच्या मागे अम्मी आणि मुली, अशा रांगा दिवाणखान्यात लागल्या. त्या संकटात अनेक घरांना कळले की एका छताखाली राहणे आणि एकत्र असणे यांत फरक आहे. तो फरक आजही तसाच आहे.

पुन्हा त्या दस्तरखानाशी यावे. अजानला चार मिनिटे आहेत. अब्बा स्वतःचा मोबाईल उचलून टोपलीत ठेवतात. मुलगा क्षणभर थांबतो, मग तोही ठेवतो. मुलीला स्टेटस पाहायचे असते, पण ती ठेवते. अम्मीच्या हातातली वाटी मुलगा घेतो. खोली अचानक शांत होते, इतकी की दादीच्या तस्बीहचे मणी एकमेकांवर आपटलेले ऐकू येतात. अजान होते. दादी पहिला खजूर उचलून नातवाच्या हातात देते आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून विचारते, "बेटा, दुबला हो गया क्या रे तू?" गेले पंधरा दिवस ती हेच विचारत असते. आज त्याने ते ऐकले.